चित्र कोणाचे आणि हात कोणाचे?

चळवळीच्या बैठकीत चित्रकलेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आधी शिक्षण, नोकरी, घर यांचे बघू." दुसरीकडे कलेच्या पुस्तकांत महापुरुषांची एक रांग लावलेली असते. लिओनार्दो, मायकेलअँजेलो, रेम्ब्राँ, मोने, पिकासो. एक प्रतिभावंत गेला की दुसरा येतो आणि कला आपोआप पुढे सरकते, असे त्यातून सांगितले जाते.

आम्हाला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. पहिल्या मतामुळे आपण एक मोठे क्षेत्र न लढताच दुसऱ्यांच्या हवाली करतो. दुसऱ्या मतामुळे पैसे कोणी दिले, रंग कोणी वाटले, समोर तासन् तास कोण उभे राहिले आणि कोणाला दारातूनच परत पाठवले, हे झाकले जाते. म्हणून या लेखात आम्ही रेनेसाँपासून, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनापासून, आधुनिक कलेच्या सुरुवातीपर्यंतचा इतिहास एकच प्रश्न धरून पाहणार आहोत. हाताने काम करणाऱ्या माणसाला या कलेने काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले?

आमचे म्हणणे आधीच सांगतो. युरोपातला चित्रकार मुळात कारागीर होता. तो समाजात वर चढला, पण चढताना त्याने शिडी मोडली नाही. खालच्या पायरीवरच्याला हलका ठरवून तो वर गेला. त्या शिडीला पहिले मोठे हादरे बसायला पुढे तीनशे वर्षे लागली.

चित्रकार कारागीर होता तेव्हा

चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्स शहरात प्रत्येक धंद्याचा संघ असे. त्याला गिल्ड म्हणत. चित्रकारांचा स्वतंत्र संघ नव्हता. ते वैद्य आणि औषधी विकणाऱ्यांच्या संघात मोडत. शिल्पकार दगड आणि लाकूड घडवणाऱ्यांच्या संघात असत. चित्रकार दुकान चालवी, पोरे शिकाऊ म्हणून ठेवी आणि ऑर्डर घेऊन काम करी.

ऑर्डर देणारे कोण? चर्च, राजे, व्यापारी आणि सावकार. पादुआ शहरात जोत्तोने १३०५ च्या सुमारास जे प्रार्थनागृह रंगवले, ते एन्रिको स्क्रोव्हेन्यी या श्रीमंताने बांधले होते. त्याचा बाप एवढा कुप्रसिद्ध सावकार होता की कवी दान्तेने त्याला आपल्या काव्यात नरकात बसवले. बापाचे पाप धुण्यासाठी मुलाने हे प्रार्थनागृह बांधले, असे मानले जाते. युरोपीय चित्रकलेच्या इतिहासातली एक अत्यंत महत्त्वाची वास्तू अशा व्याजाच्या पैशातून उभी आहे.

१४८५ मध्ये दोमेनिको गिर्लान्दायो या चित्रकाराने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी चित्र काढण्याचा करार केला. किंमत ठरली ११५ फ्लोरिन. करारात एक अट होती, निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचाच वापरायचा. हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे. म्हणजे गिऱ्हाईक कसबाबरोबर मालाचेही पैसे मोजत होते आणि माल हलका निघू नये म्हणून कागद करून घेत होते. सोनाराकडे आपण जसे वागतो तसेच.

या धंद्याला प्रतिष्ठा नव्हती. मायकेलअँजेलो लहानपणी चित्रे काढू लागला तेव्हा बापाने आणि चुलत्यांनी त्याला मारले, कारण घराण्याला हे काम कमीपणाचे वाटत होते. ही गोष्ट त्याच्याच शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे.

या कारागिरांनी जे केले त्याचे मोल कमी करायचा आमचा हेतू नाही. ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचे प्रयोग केले. आल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याची भूमिती लिहून काढली. मासाच्चोने १४२७ च्या सुमारास सपाट भिंतीवर अशी खोली दाखवली की भिंतीत कोनाडा कोरला आहे असे वाटावे. माणसाच्या शरीराला वजन आले, चेहऱ्याला दुःख आले. देवांच्या सोनेरी आकाशातून चित्र माणसाच्या जमिनीवर उतरले. ही मानवमुक्तीच्या वाटेवरची खरी कमाई आहे.

वर चढण्याची किंमत

पण हीच भूमिती चित्रकाराच्या हातात आणखी एका कामाला आली. आम्ही हाताने नाही, डोक्याने काम करतो, हे सिद्ध करण्यासाठी त्याने ती पुढे केली. त्या काळी विद्यांचे दोन वर्ग होते. व्याकरण, तर्क, भूमिती, संगीत या मुक्त माणसाच्या विद्या आणि बाकीची हातची कामे. चित्रकाराला वरच्या वर्गात जायचे होते.

लिओनार्दोने यासाठी केलेला युक्तिवाद आपल्या वाचकांनी नीट पाहावा. चित्रकला श्रेष्ठ का? तर शिल्पकार घामाने भिजतो, संगमरवराच्या भुकटीने पांढरा होतो, एखाद्या भटारखान्यातल्या माणसासारखा दिसतो. चित्रकार मात्र चांगले कपडे घालून, स्वच्छ घरात, संगीत ऐकत काम करतो. लिओनार्दोसारखा बुद्धिमान माणूस घामाला आणि धुळीला कमीपणा मानू नका, असे म्हणाला नाही. माझ्या अंगावर धूळ नाही, म्हणून मला वर घ्या, असे तो म्हणाला. खालच्या पायरीवरच्याकडे बोट दाखवून आपली पायरी उंच करण्याची ही रीत आपल्याला ओळखीची आहे. चढत्या श्रेणीने मान आणि उतरत्या श्रेणीने अपमान, ही रचना कशी टिकते हे आपल्याला कोणी वेगळे सांगायची गरज नाही.

१५६३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पहिली कला अकादमी स्थापन झाली. कलावंत आता दुकानदारांच्या रांगेतून उठून विद्वानांच्या रांगेत बसला. या अकादमीत पहिल्या स्त्रीला प्रवेश मिळाला १६१६ मध्ये. तिचे नाव आर्तेमिसिया जेन्तिलेस्की. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १६१२ मध्ये, तिच्यावर बलात्कार करणाऱ्या चित्रकारावर रोममध्ये खटला चालला. साक्ष खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी न्यायालयाने दोरीने बोटे आवळण्याचा छळ केला. तो छळ आरोपीचा नाही, तिचा केला. एका चित्रकार स्त्रीची बोटे! त्याच हातांनी तिने पुढे होलोफर्नेस या सेनापतीचा गळा कापणारी ज्युडिथ रंगवली. त्या चित्रातल्या दोन बायकांच्या दंडांत जो जोर आहे, तो त्या काळच्या पुरुषांनी काढलेल्या ज्युडिथमध्ये आम्हाला दिसत नाही.

मालक आणि गुलाम, दोघेही चित्रकार

शिडीचे सगळ्यात स्पष्ट दर्शन स्पेनमध्ये होते. दिएगो वेलास्केस हा राजा चौथ्या फिलिपचा दरबारी चित्रकार. त्याला सांतियागोच्या सरदारकीचा मान हवा होता. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. एक, रक्त शुद्ध आहे, म्हणजे वंशात ज्यू किंवा मुसलमान कोणी नाही. दोन, घराणे कुलीन आहे आणि अर्जदाराने हाताच्या कामावर पोट भरलेले नाही. चौकशीत १४८ साक्षीदार तपासले गेले. त्यांत चित्रकारही होते आणि वेलास्केसने चित्रकलेचा धंदा कधी केला नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली. ज्याच्याइतका कसबी हात त्या काळात क्वचितच कोणाचा असेल, त्याला मान मिळवण्यासाठी आपला हातच नाकारावा लागला. तरीही कुलीनता सिद्ध झाली नाही. शेवटी पोपची सवलत आणावी लागली आणि १६५९ मध्ये त्याला मान मिळाला. पुढच्याच वर्षी तो वारला. 'लास मेनिनास' या १६५६ च्या चित्रात त्याच्या छातीवर जो लाल क्रूस दिसतो, तो नंतर रंगवलेला आहे.

याच वेलास्केसच्या स्टुडिओत हुआन दे पारेहा नावाचा माणूस काम करत होता. तो आफ्रिकी वंशाचा होता आणि वेलास्केसचा गुलाम होता. १६५० मध्ये रोममध्ये असताना वेलास्केसने त्याचे चित्र काढले आणि ते तिथल्या पँथिऑनमध्ये प्रदर्शित झाले. चित्रात पारेहा मान ताठ ठेवून, थेट आपल्याकडे बघत उभा आहे. लोकांनी चित्राची वाहवा केली. चित्रातला माणूस तेव्हाही मालमत्ताच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलास्केसने त्याच्या मुक्तीचा कागद केला, पण आणखी चार वर्षे चाकरी करण्याच्या अटीवर.

मुक्त झाल्यावर पारेहा स्वतः चित्रकार म्हणून उभा राहिला. १६६१ मध्ये त्याने 'संत मॅथ्यूला बोलावणे' हे मोठे चित्र काढले. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या कडेला त्याने स्वतःला उभे केले आहे आणि हातातल्या कागदावर स्वतःचे नाव लिहिले आहे. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याचे रंग वाटावे लागले, त्याने आपले नाव आपल्या हाताने लिहिले.

पुढे पारेहाची ओळख बहुतेकांच्या लेखी वेलास्केसच्या एका चित्राचा विषय एवढीच उरली. ती पुसून काढायला कोण गेले? न्यूयॉर्कच्या हार्लेममधले कृष्णवर्णीय संशोधक आर्टुरो शोम्बर्ग. आपल्या लोकांचा इतिहास गोळा करणे हेच त्यांचे जीवितकार्य होते. १९२६ मध्ये ते स्पेनला गेले आणि पारेहाच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पारेहावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले ते २०२३ मध्ये. आपला इतिहास आपणच शोधायचा असतो, दुसऱ्याला त्याची घाई नसते.

विषयांचीही उतरंड

१६४८ मध्ये पॅरिसमध्ये राजाची कला अकादमी स्थापन झाली. १६६७ मध्ये फेलिबियाँ या लेखकाने चित्रविषयांची उतरंड लिहून काढली. फळे-फुले, भांडीकुंडी सगळ्यात खाली. त्यावर निसर्गदृश्य, त्यावर जनावरे, त्यावर व्यक्तिचित्र आणि सगळ्यात वर इतिहास, पुराण, देव आणि राजे. मोठा कॅनव्हास वरच्या विषयालाच शोभतो असे मानले जाऊ लागले. शेतकरी, मोलकरीण, मजूर यांना छोट्या चौकटीत, गंमत म्हणून जागा.

याच काळात हॉलंडमध्ये वेगळे काही घडत होते. तिथे राजाचा दरबार आणि चर्चच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या. व्यापारी आणि मध्यमवर्ग बाजारातून चित्रे विकत घेत होता. फेर्मेरने साधी मोलकरीण दूध ओतताना रंगवली आणि तिच्या जाड मनगटांना राणीच्या गळ्यातल्या हारापेक्षा जास्त उजेड दिला. मात्र त्या देशाच्या श्रीमंतीत मसाल्याच्या वसाहती आणि गुलामांचा व्यापारही होता. आणि बाजार म्हणजे न्याय नव्हे. हार्लेम शहराच्या गिल्डमध्ये १६३३ मध्ये दाखल झालेल्या जुडिथ लेस्टरची चित्रे मेल्यानंतर फ्रान्स हाल्सच्या नावावर गेली. चूक लक्षात आली १८९३ मध्ये.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामी रद्द केली. आजचे हैती म्हणजे तेव्हाची सां-दोमिंग वसाहत. तिथून निवडून आलेला, पूर्वी गुलाम असलेला ज्याँ-बाप्तिस्त बेले त्या सभागृहात बसला होता. जिरोदेने १७९७ मध्ये त्याचे चित्र काढले. खासदाराचा पोशाख घातलेला बेले गुलामीविरोधी विचारवंताच्या संगमरवरी पुतळ्याला टेकून उभा आहे. पण १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामी परत आणली आणि बेले पुढे कैदेत मेला. चित्रात जागा मिळाली म्हणून समाजात जागा मिळत नाही, हे आपल्या तरुणांनी बेलेकडून शिकावे. १८१९ मध्ये जेरिकोने बुडालेल्या जहाजाच्या तराफ्याचे प्रचंड चित्र काढले. त्यात मदतीसाठी कापड हलवणारा, सगळ्यात उंचावर असलेला माणूस कृष्णवर्णीय आहे. त्यासाठी हैतीहून आलेला जोसेफ हा मॉडेल उभा राहिला होता.

खडी फोडणारे

शिडीच्या मुळावर घाव घातला गुस्ताव्ह कूर्बेने. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा एक म्हातारा आणि एक पोरगा त्याला दिसले. १८४९ मध्ये त्याने त्यांना सुमारे अडीच मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर रंगवले. फाटका सदरा, ठिगळे लावलेली विजार, आणि चेहरे दिसतच नाहीत. अशा आकारात तोवर देव आणि राजे रंगवायचे. गावातल्या साध्या माणसाचा अंत्यविधी त्याने त्याहून मोठ्या, सहा मीटरहून रुंद कॅनव्हासवर काढला. पॅरिसच्या प्रदर्शनात टीकाकारांनी ही चित्रे कुरूप ठरवली. कुरूप म्हणजे काय, तर जे चेहरे दिवाणखान्यात येऊ नयेत ते तिथे आले. खडी फोडणे म्हणजे काय हे १९७२ च्या दुष्काळी कामांवर गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना विचारा, कूर्बे लगेच समजेल.

कोणी म्हणेल, कूर्बे स्वतः जमीन असलेल्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याला काय पडले होते? खरे आहे. पण त्याने किंमत मोजली. १८७० मध्ये त्याने सरकारी सन्मान नाकारला. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये तो उतरला. नेपोलियनचा विजयस्तंभ पाडल्याबद्दल त्याला सहा महिने तुरुंगवास झाला, नंतर स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च त्याच्या माथी मारला. तो स्वित्झर्लंडला पळाला आणि १८७७ च्या शेवटच्या दिवशी तिथेच वारला. खडी फोडणाऱ्यांचे ते चित्र १९४५ मध्ये युद्धात ड्रेस्डेनजवळ नष्ट झाले.

त्यानंतर दार पूर्ण बंद करणे कोणाला जमले नाही. मिलेने १८५७ मध्ये कापणीनंतरच्या रानात सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. कायबॉतने १८७५ मध्ये घराची फरशी तासणारे मजूर रंगवले. अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र नाकारले, तेव्हा त्याने ते इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात लावले. ज्यांना नाकारले त्यांनी स्वतःचे प्रदर्शन भरवायचे, ही इम्प्रेशनिस्टांची १८७४ मधली कृती आम्हाला त्यांच्या रंगांइतकीच महत्त्वाची वाटते. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब काढले. या माणसांनी आपले अन्न आपल्या हातांनी मिळवले आहे हे चित्रातून कळावे, असा आपला हेतू त्याने भावाला पत्रात कळवला होता. लिओनार्दोला ज्या हातांची लाज वाटली, ते हात इथे चित्राच्या मधोमध आले.

तरीही सगळे हात दिसले नाहीत. मानेच्या 'ऑलिम्पिया' या १८६३ च्या चित्रावर गदारोळ झाला तो पलंगावरच्या नग्न गोऱ्या स्त्रीवरून. तिला फुले देणाऱ्या कृष्णवर्णीय दासीची चर्चा फारशी कोणी केली नाही. मानेच्या वहीत तिचे नाव लिहिलेले होते, लोर. ते नाव चर्चेत यायला शंभरहून अधिक वर्षे गेली. उलट सुझान व्हालादों ही मोलमजुरी करणाऱ्या अविवाहित आईची मुलगी. सर्कशीत कसरती केल्या, मग रेन्वार आणि तुलूझ-लोत्रेकसाठी मॉडेल म्हणून उभी राहिली. उभी राहता राहता त्यांचे काम बघून शिकली आणि स्वतः चित्रकार झाली. पारेहाने जी वाट धरली, तीच तिने धरली.

आधुनिक कला आणि परत आलेली शिडी

१९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या मानववंश संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि त्याची चित्रकला बदलली. असे मुखवटे युरोपात कसे आले? वसाहतींतून. काही विकत घेऊन, काही फसवून, काही लुटून. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने बेनिन शहर जाळून तिथली हजारो शिल्पे उचलून नेली, हे सर्वज्ञात आहे. पिकासो प्रतिभावंत ठरला. मुखवटे कोरणाऱ्यांची नावेही कोणी विचारली नाहीत, त्यांचे काम 'आदिम' ठरले.

१९१७ मध्ये मार्सेल द्युशाँने न्यूयॉर्कमध्ये दुकानातून मुतारीचे भांडे विकत आणले, त्यावर खोटे नाव लिहिले आणि शिल्प म्हणून प्रदर्शनाला पाठवले. कलावंताची कल्पना हीच कला, हाताची गरज नाही, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. अकादमीच्या दांभिकतेला ती चपराक होती, हे आम्ही मान्य करतो. पण ते भांडे घडवणारा कारखान्यातला हात आणि अशी भांडी रोज साफ करणारा हात, यांचा विचार त्या चर्चेत कुठे आहे? लिओनार्दोचा युक्तिवाद इथे शेवटच्या टोकाला पोहोचला.

त्याच काळात दुसरी वाटही होती. केटे कोलवित्झचा नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होता. १८४४ च्या विणकरांच्या उठावावर तिने मुद्राचित्रांची मालिका केली. १८९८ मध्ये परीक्षकांनी पदकासाठी तिचे नाव सुचवले, जर्मन सम्राटाने नाकारले. मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात, त्या गरिबाच्या भिंतीवरही लागू शकतात, म्हणून तिने ते माध्यम धरले. १९१९ मध्ये ती प्रशियाच्या अकादमीत निवडली गेली. १९३३ मध्ये नाझींनी तिला बाहेर काढले.

१९१९ मध्येच जर्मनीत वायमारला बाउहाउस ही शाळा सुरू झाली. कलावंत आणि कारागीर यांच्यातली वर्गाची भिंत पाडायची, असे तिच्या जाहीरनाम्यात होते. शिडी मोडण्याची एवढी स्पष्ट घोषणा करणाऱ्या कलाशाळा फार थोड्या. पण तिथेही मुलींना बहुधा विणकाम विभागातच पाठवले गेले. ही शाळाही १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडली.

आपण काय घ्यायचे

युरोपच्या अकादमीची ही पद्धत आपल्याकडेही आली. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकवले जाऊ लागले. हात आणि डोके यांची फारकत मात्र इंग्रजांनी आणली नाही, ती इथे आधीपासून जन्मावर ठरलेली होती. ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. म्हणून युरोपचा इतिहास जसाच्या तसा आपल्यावर बसवता येणार नाही. पण त्यातून काही प्रश्न घेता येतात.

कोणत्याही चित्रासमोर उभे राहिल्यावर विचारा. याचे पैसे कोणी दिले? यात कोण नाही? जो आहे त्याचे नाव लिहिले आहे का? आणि हे काढणाऱ्याने वर चढताना कोणाला खाली ढकलले?

आपल्या वस्तीत जयंतीला भिंत रंगवणारी मुले आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्यातल्या अनेकांचे काम गेले. त्यांना 'पेंटर' म्हणतात, 'चित्रकार' म्हणत नाहीत. या दोन शब्दांमधले अंतर म्हणजेच ती शिडी. पुढच्या जयंतीला भिंतीच्या कोपऱ्यात त्या मुलाला त्याचे पूर्ण नाव लिहायला सांगा. पारेहाने १६६१ मध्ये तेच केले होते.